सुट्ट्यांची यादी आणि ऋतूंचे पंचांग

वर्ष संपत आले की शासनाची पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना निघते आणि कचेऱ्यांतून, शाळांच्या शिक्षककक्षांतून तिचे मोठ्या आस्थेने वाचन होते. कोणता सण रविवारी जाऊन पडला, कोणता सोमवारी आल्यामुळे सलग तीन दिवस मोकळे मिळतात, याचा हिशेब मांडला जातो. शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तेव्हापासून शनिवारी येणारा सणही ‘वाया गेला’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. सण वाया जातो म्हणजे नेमके काय होते, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो.

ही यादी ज्या कायद्याखाली निघते तो कायदा सणांचा नाही. हुंड्या आणि धनादेश यांच्या व्यवहारासाठी केलेला १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, त्याचे पंचविसावे कलम, हा या यादीचा आधार. हुंडीची मुदत नेमकी सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती कोणत्या दिवशी देय समजावी, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी सार्वजनिक सुट्टीची व्याख्या करावी लागली. आपल्या सणांना राजमान्यता मिळाली ती अशी पेढीच्या दारातून. त्यात गैर काही नाही. परंतु त्या दारातून ज्यांना आत येता आले नाही, त्या सणांचे काय झाले, हे पाहणे अगत्याचे आहे.

यादीत नसलेले सण

महाराष्ट्राच्या यादीत गुढीपाडवा आहे, रमजान ईद आहे, महावीर जन्मकल्याणक, गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, पारशी नववर्ष, गुरू नानक जयंती, नाताळ, सारे काही आहे. प्रत्येक धर्माला त्याचा वाटा मिळावा, अशी न्यायबुद्धी त्या यादीमागे दिसते आणि ती अभिनंदनीय आहे. पण त्या यादीत मकरसंक्रांत नाही, नागपंचमी नाही आणि ज्या दिवशी विदर्भातील प्रत्येक गाव वेशीपाशी गोळा होते तो पोळाही नाही. जे सण धर्मग्रंथांपेक्षा शेतावर अधिक अवलंबून आहेत, नेमके तेच यादीबाहेर राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात कित्येक ठिकाणी सुट्टी मिळते ती जिल्हाधिकाऱ्यांना असलेल्या स्थानिक सुट्ट्यांच्या अधिकारातून. धर्माला राजपत्रात जागा मिळाली. ऋतूला जिल्हाधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहावे लागले.

बोरगाव मेघे येथे उभे राहून पाहिले म्हणजे या भेदाचा अर्थ नीट उमगतो. वर्धा शहराला लागून असलेले हे गाव. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या कागदात नोंद नगर म्हणून. कालपर्यंत जेथे पऱ्हाटी उभी होती तेथे आज भूखंडांचे क्रमांक आहेत, आणि त्या भूखंडांवर शिक्षकांची, कारकुनांची, निवृत्तांची घरे उभी राहिली आहेत. येथील माणूस शेतकऱ्याच्या घरातून आला आहे. त्याच्या मुलाला मात्र शेत कोणत्या दिशेला आहे हेही सांगावे लागते. अशा घरात सण येतो तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तांबड्या आकड्याच्या रूपाने. तांबडा आकडा सणाचा धर्म सांगतो, ऋतू सांगत नाही. शेजारच्या घरातला सण हा मग ‘त्यांचा’ सण होतो, आणि त्याच्याशी आपला संबंध उरतो तो एका सुट्टीपुरता.

वस्तुतः या वर्षाच्या तळाशी काय आहे?

पावसाने घातलेली बैठक

आषाढ शुद्ध एकादशीला हिंदूंचा चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला संपतो. जैन साधुसाध्वींचा चातुर्मास आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या सुमारास बसतो आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास उठतो. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आषाढ पौर्णिमेला आरंभ होऊन आश्विन पौर्णिमेला पुरा होतो. तीन परंपरा, तीन तत्त्वज्ञाने, एकमेकांशी शतकानुशतके वाद घालणारी. पण प्रवास थांबवून एका जागी बसण्याचा त्यांचा काळ जवळजवळ एकच. तो त्यांना कोणत्याही ग्रंथाने दिलेला नाही, पावसाने दिला आहे.

विनयपिटकात वर्षावासाच्या उगमाची जी हकीकत आहे ती या दृष्टीने फार बोलकी आहे. पावसाळ्यातही भिक्खू फिरत राहतात, कोवळी हिरवळ तुडवतात, बारीक जीव पायाखाली मारतात, अशी कुरकूर लोकांनी केली आणि तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याची आज्ञा दिली. एका महान धर्माच्या आचारनियमाचा जन्म लोकांच्या अशा साध्या तक्रारीतून झाला. काळ्या मातीच्या या मुलखात त्याचे स्पष्टीकरण कोणाला देण्याची गरज नाही. आषाढाच्या झडीत येथल्या काळीत पाऊल टाकले तर ते बाहेर काढताना वहाण आतच राहते.

तीच गोष्ट पावसाळा संपतानाची. आश्विन पौर्णिमेच्या एकाच रात्री किती गोष्टी घडतात पाहा. घरोघरी कोजागरीचे दूध आटते. विहारात वर्षावासाची सांगता होते. भिक्खू तीन महिन्यांच्या सहवासातील आपले दोष एकमेकांकडून विचारून घेतात आणि त्यानंतरच्या महिन्यात त्यांना चीवरदान दिले जाते. आणि याच रात्री भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर चाललेला विदर्भातील मुलींचा भुलाबाईचा खेळ संपतो. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात भुलोबा-भुलाबाई बसवायच्या, गाणी म्हणायची आणि झाकलेली खिरापत ओळखायची. विहारातला विधी आणि अंगणातला खेळ यांच्यात देवघेव झाली असेल वा नसेल. दोघांनी ओळखलेली घटना मात्र एकच आहे: आभाळ निवळले, पीक हाताशी आले, वाटा पुन्हा चालण्याजोग्या झाल्या. पंधरा दिवसांनी येणारी अमावास्या हिंदूंच्या लक्ष्मीपूजनाची, तशीच महावीरांच्या निर्वाणाची. त्यापुढची पौर्णिमा त्रिपुरी, तशीच गुरू नानकांच्या जयंतीची.

मागे सरणारे सण

परंतु ‘सर्व सण मुळात ऋतूंचेच’ असे म्हणून टाळी घ्यावी तर ते सत्याला धरून होणार नाही. या म्हणण्याला सर्वांत मोठा आणि सर्वांत विचारप्रवर्तक अपवाद इस्लामी वर्षाचा आहे.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. २०२३ साली पोळा १४ सप्टेंबरला होता, २०२४ साली २ सप्टेंबरला आला, २०२५ साली २२ ऑगस्टला. रमजान ईद २०२३ साली २२ एप्रिलला होती, २०२४ साली ११ एप्रिलला, २०२५ साली ३१ मार्चला. दोन्ही सण एकाच चालीने मागे सरत आहेत. फरक पुढे पडतो. आपले पंचांगकर्ते एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक मास घालून तूट भरून काढतात. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ अधिक. त्यामुळे पोळा पुन्हा सप्टेंबरात येतो आणि बैलाचा सण पावसाळ्यातून निसटत नाही. कुराणाने मात्र असा वाढीव महिना घालण्यास मनाई केली. म्हणून ईद मागे सरतच राहते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा जागेवर येते.

हे अज्ञानातून झालेले नाही. अधिक महिन्याची पद्धत अरबस्तानात पूर्वी होती. ती जाणूनबुजून बंद करण्यात आली. तिचा परिणाम काय होतो? २०१८ साली रमजानचा महिना मे-जूनमध्ये आला. नवतपा पेटलेला असताना, वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांच्या झळांत, आपल्या शेजाऱ्यांनी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब न घेता रोजे पाळले. २०३० साली रमजानचा आरंभ जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा एकाच वर्षात दोनदा येणार आहे. तेव्हा दिवस लहान असतील आणि हवा थंड. एका आयुष्यात माणसाला कठीण आणि सोपे असे दोन्ही रोजे घडतात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला कायमचा उन्हाळा येत नाही. ऋतूला बांधून घेणे हा एक विचार आहे, ऋतूपासून मोकळे राहणे हा दुसरा विचार आहे. दोन्हींमागे गणित आहे आणि दोन्हींमागे माणसांची कदर आहे. हे ज्याला कळले तो ‘यांची ईद दरवर्षी वेगळ्याच तारखेला कशी?’ असा प्रश्न थट्टेने विचारणार नाही.

पारशी बांधवांचा अनुभव तिसऱ्याच प्रकारचा. त्यांचे शहेनशाही वर्ष ३६५ दिवसांचे; चार वर्षांनी येणारा जादा दिवस त्यात नाही. वसंतातील नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस असे सरकत सरकत ऑगस्टच्या मध्यावर येऊन थांबले आहे. ख्रिस्ती ईस्टर काढताना २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा आणि तिच्यापुढचा रविवार पाहतात. सूर्य आणि चंद्र दोघांनाही साक्षीला घेणारी ही रीत आपल्या रामनवमीच्या हिशेबाहून फार परकी नाही. नाताळ आणि मकरसंक्रांत यांचे तर एक जुने नाते आहे. रोमन पंचांगात २५ डिसेंबर हा दिवस वाढू लागण्याचा दिवस समजला जाई. आपली संक्रांत हीही उत्तरायणाची. सूर्याचे खरे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि संक्रांत जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखेला येते, कारण अयनचलनामुळे सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस असे अंतर पडत गेले. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत. तिळगूळ वाटणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते?

ही विसंगती दूर करण्याचा एक मोठा प्रयत्न स्वतंत्र भारताने केला होता. १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९५५ साली आला आणि २२ मार्च १९५७ पासून, शके १८७९ च्या १ चैत्रापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. ऋतूंशी नेटकी जुळणारी ही कालगणना राजपत्राच्या माथ्यावर आजही छापली जाते, आणि तिच्या आधाराने कोणाच्याही घरी पुरण शिजत नाही. सण हुकमाने हलत नाहीत, हा त्यातला धडा.

ऋतू सर्वांचा, मान कोणाचा?

येथे आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. ऋतू सर्वांचा होता; ऋतूच्या सणात मात्र सर्वांची जागा सारखी नव्हती. पोळ्याच्या तोरणाखाली मानाची पहिली जोडी कोणाची हे ठरलेले असे, आणि बैल राबवणाऱ्या सालगड्याचा मान बोजाऱ्याच्या चार पैशांपर्यंतच पोहोचत असे. पाऊस सर्वांच्या शेतावर पडे; पण ज्यांना शेतच नव्हते आणि गावच्या विहिरीवर पाणीही नव्हते, त्यांना ‘सुगीचा आनंद’ हा शब्द कसा ऐकू येत असेल? वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले, तेव्हा ती देशभर गाजलेली घटना ठरली. इतर देवळांची दारे तेव्हा बंद होती, हाच त्या गाजण्याचा अर्थ.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाचे महत्त्व. त्या वर्षीची विजयादशमी त्या तारखेला होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि सीमोल्लंघनाच्या जुन्या दिवसाला अशोकाच्या धम्मविजयाचा अर्थ दिला. तेव्हापासून दसऱ्याला वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांतून जी माणसे दाटीवाटीने निघतात, त्यांच्यासाठी हा दिवस पिकाचा किंवा ऋतूचा नाही. माणूस म्हणून उभे राहण्याचा आहे. बोरगावसारख्या वस्तीत एका दारी आपट्याची पाने आणि दुसऱ्या दारी पंचशील ध्वज दिसतो, तेव्हा दोन घरे एकच दिवस दोन अर्थांनी साजरा करीत असतात. पहिल्या घराने दुसऱ्याचा अर्थ जाणून घेतला पाहिजे, कारण त्या अर्थात पहिल्या घराच्या आजोबा-पणजोबांच्या वागणुकीचाही हिशेब आहे. ऋतूची एकता सांगून हा हिशेब पुसता येणार नाही.

लाकडी बैल

तरीही ऋतूचे ज्ञान पुसले जाऊ देणे हा यावरचा उपाय नव्हे, आणि ते पुसले जात आहे हे उघड आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकायचे, त्यांना जेवणाचे आवतण द्यायचे; दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, कपाळी मठाटी, पाठीवर झूल. दिवसभर खांद्यावर जू नाही आणि अंगावर चाबूक नाही. त्याच्या पुढच्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. नागपुरात मारबतीची मिरवणूक, पावसाळ्यातील रोगराई गावाबाहेर घेऊन जाण्यासाठी. आज नांगरणी ट्रॅक्टरने होते, गोठे रिकामे झाले, आणि तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या मोजक्या उरल्या. तान्हा पोळा मात्र जोरात आहे. आपल्या जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. खरे बैल कमी होत गेले आणि लाकडी बैल उंच होत गेले. सोयाबीन आले, ज्वारी हटली, आणि भुलाबाईच्या मखरासाठी पाच धांडे मिळवायला मुलींना गावभर विचारीत फिरावे लागते. कापूस वेचणीच्या आरंभी बायांनी पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याची सीतादही आता किती शेतांत होते?

हा केवळ गतकाळाचा हळवा शोक नव्हे. २००६ साली पंतप्रधानांच्या विशेष मदतयोजनेत शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेले विदर्भातील जे सहा जिल्हे घेतले गेले, त्यांत वर्धा होता. ज्या समाजातील शिकलेल्या वर्गाला पेरणी केव्हा होते, वेचणी केव्हा होते, पाऊस पंधरा दिवस ओढ देतो तेव्हा नेमके काय जळते हे ठाऊक नसते, त्याला शेतकऱ्याचे मरण ही बातमी वाटते. आपल्या वर्षातली घटना वाटत नाही. सणांनी हे ज्ञान अनायासे दिले होते. कर्जमाफीचा अर्ज तपासणारा कारकून आणि तो अर्ज करणारा शेतकरी पूर्वी एकाच पंचांगाने जगत होते. आज एकाच्या भिंतीवर सुट्ट्यांची यादी आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर आभाळ.

शाळेच्या हातात काय आहे?

आपल्या शाळांजवळ एक ऋतुसुट्टी आजही आहे. विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात. ही सुट्टी कोणत्या धर्माची नाही, कोणा थोर पुरुषाची नाही. ती केवळ उन्हाची आहे आणि ती सर्वांना सारखी लागू आहे. शासनाने येथे सूर्याचे ऐकले. त्याच न्यायाने पावसाचे आणि पिकाचेही ऐकता येईल.

त्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक वर्गाबाहेर एक ऋतुफलक असावा. त्यावर रोज इंग्रजी तारीख, राष्ट्रीय दिनांक, चांद्र तिथी आणि हिजरी दिनांक असे चारही मुलांनी स्वतः लिहावेत. शेजारी पडलेला पाऊस आणि गावच्या शिवारात सध्या काय उभे आहे, याची एक ओळ असावी. असा फलक वर्षभर चालला तर अधिक मास म्हणजे काय, ईद का सरकते, संक्रांत का सरकत नाहीशी वाटते, हे सातवीतल्या मुलाला व्याख्यानाशिवाय कळेल. गणित, भूगोल आणि शेजारधर्म हे तीन विषय एकाच फळ्यावर शिकवून होतील. प्रत्येक मुलाने वर्षातून एका परधर्मीय शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्यांचा सण कसा ठरतो हे विचारून यावे आणि वर्गात सांगावे. मुख्याध्यापकांच्या अधिकारात एखाद-दुसरी सुट्टी असते. ती पोळ्याच्या आदल्या दिवशी द्यावी आणि मुलांना घरी न पाठवता खांदशेकणी पाहायला उरल्यासुरल्या एखाद्या गोठ्यात न्यावे.

सेवाग्राम आणि पवनार ही दोन्ही ठिकाणे आपल्या अंगणात आहेत. सेवाग्रामच्या सर्वधर्मप्रार्थनेचा गौरव आपण नेहमीच करतो. विनोबांनी एवढ्यावर समाधान मानले नाही. ते अरबी शिकले, कुराण मुळातून वाचले आणि ‘कुराण-सार’ सिद्ध केले. ‘धम्मपदा’ची नवी मांडणी केली, ‘ख्रिस्तधर्म-सार’ काढले, जैन पंथांना एकत्र आणून ‘समणसुत्तं’ घडवून आणले. दुसऱ्याचा आदर करायचा तर त्याचा अभ्यास करावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्यापैकी प्रत्येकाला अरबी शिकणे जमणार नाही. शेजाऱ्याचे वर्ष कोठून सुरू होते आणि कोणत्या हिशेबाने पुढे जाते, एवढे विचारणे सर्वांनाच जमेल.

पुढच्या वर्षीची यादी येईल तेव्हा ती अवश्य वाचावी. मात्र वाचताना प्रत्येक सणापुढे दोन गोष्टी पेन्सिलीने लिहून पाहाव्यात: हा दिवस कोणत्या हिशेबाने ठरला, आणि त्या दिवशी बोरगावच्या शिवारात काय उभे असेल. ज्या नावापुढे काहीच लिहिता येणार नाही, तो सण शनिवारी येवो की सोमवारी, आपल्यापुरता तो खरोखरच वाया गेला असे समजावे.